तिसऱ्या वळणाच्या खाली

...आणि वर मलाच विचारतात, "मुकादम, सत्तावीस वर्षं तुम्ही त्याच जागी काम करताय, तुमच्या लक्षात कसं नाही आलं?" घ्या! आता मला सांगा, दगड बघून माणसाच्या काय लक्षात यायला पाहिजे? दगड आहे, एवढंच ना? तो काय हात वर करून सांगतो, 'मी जुना आहे, जरा जपून'? अहो, सगळे दगड जुनेच असतात! नवा दगड बघितलाय का कुणी आजवर? कालच झालाय, अजून ओला आहे, हात लावू नका... असा एक दगड दाखवा मला, आत्ता नोकरी सोडतो!

नाही नाही, रागावलो नाही मी. आवाजच तसा आहे. रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाचा आवाज कायम चढलेलाच असतो, कारण शेजारी रोलर धडधडत असतो आणि त्या रोलरवर बसलेला आमचा रोलरवाला एका कानाने बहिरा. एका कानाने, हे तो सांगतो. मला विचाराल तर दोन्ही.

तर तुम्हाला सांगतो, मी त्या डोंगरावरच्या उद्यानात रस्त्यांचा मुकादम. उद्यान म्हणजे झोपाळे आणि घसरगुंडी नव्हे हं, चांगलं रान आहे, वर तळं आहे, सात किलोमीटर गाडीरस्ता आणि अकरा किलोमीटर पायवाटा. हे सगळं नीट ठेवायचं कुणी? मी आणि माझी चार माणसं. चर साफ करा, झाड पडलं की कापा, साइडपट्टीला मुरूम टाका, खड्डे बुजवा, पुन्हा तेच खड्डे बुजवा... खड्ड्यांची आणि माझी आता इतकी ओळख झालीय की एखादा दिसला नाही तर चुकल्यासारखं वाटतं. आणि माझं तत्त्व एकच. पहिल्या दिवसापासून. आपलं काम वरचं! खालचं आपण बघत नाही. रस्ता म्हणजे वरून गाडी गेली पाहिजे. खाली पाताळ असो नाहीतर कुणाचं घर असो, आपला काय संबंध?

आणि नेमकं खालीच निघालं हो सगळं!

आता तिसरं वळण सांगतो. तिसऱ्या वळणाला रस्त्याच्या डाव्या अंगाला एक टेकाड आहे, कासवासारखं दिसतं म्हणून आम्ही त्याला कासवच म्हणतो. त्या वळणाखाली पाणी जायला एक मोरी आहे. आणि ती मोरी... काय सांगू तुम्हाला, ती मोरी माझी वैरीण. दर पावसाळ्यात फुटते! दर पावसाळ्यात म्हणजे अगदी न चुकता, पगार एकवेळ उशिरा होईल पण मोरी वेळेवर फुटणार. बांधली, फुटली. रुंद केली, फुटली. सिमेंट ओतलं, सिमेंटसकट फुटली! आणि फुटली की भरायला दगड पाहिजेत. खाणीतून मागवायचे तर अर्ज करा, सही आणा, ट्रक येणार कधी तर पुढच्या पावसाळ्यात. आणि इथे दहा पावलांवर कासवाच्या पाठीवर दगड कसे? तर सपाट, चौकोनी, एकावर एक ठेवलेले, जणू कुणी माझ्यासाठीच तासून ठेवलेत! मग? पहार घातली, उचलला, बसवला. तुम्ही काय केलं असतं? तुम्ही काय तिथे उदबत्ती लावली असती?

सत्तावीस वर्षं. दर वर्षी थोडे थोडे.

आणि एक सांगतो, कुणाला बोलू नका. लग्न झालं त्या वर्षी त्यातलाच एक दगड मी घरी नेला. बायकोसाठी. हसू नका! लोक बायकोला काय काय देतात, आम्ही दगड दिला. कपडे धुवायला. छान गुळगुळीत, वर सात वाट्यांसारखे सात खळगे. ही इतकी खूश झाली! एका खळग्यात साबण, एकात ब्रश, एकात खिशांतून निघालेली बटणं, चिल्लर... म्हणाली, "किती विचार करून आणलात हो!" मी म्हटलं, मग! आता बायको म्हणतेय विचार करून आणला, तर आपण कशाला वाद घालायचा?

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आले आमचे साहेब. म्हणजे नवे इंजिनियर साहेब. तरुण, तडफदार, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तारीख. "मुकादम, पंधरा तारखेपर्यंत." "मुकादम, सोमवारच्या आत." नुसतं 'नमस्कार' म्हटलं तरी वाटायचं, हा नमस्कार कधीपर्यंत पोचवायचाय? झालं होतं असं, की सहलीची एक मोठी बस तिसऱ्या वळणावर अडकली. पुढे जाईना, मागे येईना. आतली माणसं खिडकीतून उड्या मारून बाहेर, आणि त्यातल्या एका आजीबाईंनी साहेबांना तोंडावर विचारलं, "रस्ता तुम्ही केलात की शेळीने?" ते लागलं साहेबांना. दुसऱ्या दिवशी नकाशा पसरला, कासवावर लाल पेन्सिलीने एक काट मारली आणि म्हणाले, "हे टेकाड अर्धं कापायचं, वळण अडीच मीटर रुंद करायचं. वीस तारखेपर्यंत."

मी म्हटलं, करू. आपलं काम वरचं.

पण आमच्या खात्यात नवा नियम निघालेला. उद्यानात रस्त्यासाठी नवी जमीन उकरायची, तर आधी पुरातत्त्व खात्याचं माणूस येऊन बघणार. आम्हाला वाटलं, येईल कुणी चष्मेवाला, चहा पिईल, सही करील, जाईल. आली एक मुलगी! तिशीची असेल. पाठीवर पिशवी, डोक्यावर टोपी, आणि पिशवीतून काय काढलं तर ब्रश. दाढीचा असतो ना, तेवढा! मी रोलरवाल्याला म्हटलं, "बघ, आपण एवढं मोठं यंत्र घेऊन उभे, आणि ही डोंगर झाडणार!" तो म्हणाला, "हो, पाऊस पडणार."

पहिल्या दिवशी बाईंनी झेंड्या रोवल्या. बोटाएवढ्या, लाल. कासवाभोवती, रस्त्याच्या कडेला, चरात, मोरीच्या तोंडाशी. आणि मग नियम! आवाज कसा, तर एकदम मऊ, शाळेतल्या बाईंसारखा. "काका, झेंडीच्या आत यंत्र नाही आणायचं हं. काका, इथे गाडी वळवायची नाही. काका, चर साफ करायचा तो फावड्यानेच, आणि आधी होता तेवढाच, एक बोटसुद्धा खोल नाही. काका, इथला मुरूम तिकडे नाही टाकायचा. काका, एखादा दगड हलला तरी काम थांबवायचं आणि मला हाक मारायची." मी म्हटलं, "बाई, श्वास घ्यायचा की तोही तुम्हाला विचारून?" तर हसल्या आणि म्हणाल्या, "घ्या ना, पण उभं राहून. तुम्ही बसलाय ती भिंत आहे."

मी उडालो! सत्तावीस वर्षं तिथे बसून डबा खातोय हो मी! दोन पावलं सरकलो, चहाचा ग्लास एका दगडावर ठेवला. "काका, ग्लास उचला, तो बहुतेक उंबरठा आहे." ग्लास हातात घेतला. हातात घेऊन उभा, चहा गरम, बोटं भाजतायत. झाडाला टेकलो. म्हटलं झाडाला तरी काही नसेल! तर नाही, झाडाला काही नव्हतं, पण मुंगळे होते.

आणि तुम्हाला सांगतो, लघवीला जायची पंचाईत! जिकडे जावं तिकडे लाल झेंडी. माझी चार माणसं पार खाली दुसऱ्या वळणापर्यंत जाऊन येत होती. साहेब म्हणतात, "कामाचा वेग का कमी झाला?" काय सांगायचं त्यांना?

तिसऱ्या दिवशी बाईंची मुद्रा बदलली. ब्रश खाली ठेवला, गुडघ्यांवर बसून नुसत्या बघतायत. मी जवळ गेलो. म्हणाल्या, "काका, हे बघा. इथे भिंत आहे, चांगली लांब, सरळ रेषेत. आणि मधेच नाही. वरचे थर कुणीतरी काढून नेलेत. हे ओरखडे बघा, पहारीचे आहेत. काही जुने आहेत, पण हा... हा तर गेल्या वर्षीचा असेल!"

गेल्या वर्षीचाच होता. पावसाळ्यानंतरचा. बुधवार होता.

"कोण असेल हो असा माणूस?" बाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी. "हजार-दोन हजार वर्षं ही भिंत उभी राहिली. वारा, पाऊस, झाडांची मुळं, सगळं सोसलं. आणि कुणीतरी येतं, पहार घालतं आणि घेऊन जातं. काय वाटत असेल त्याला?"

मी म्हटलं, "लोक फार वाईट असतात, बाई."

आणि माझी चारही माणसं आभाळाकडे बघायला लागली! चारही! एकाच वेळी! आभाळात काय होतं? काही नव्हतं!

घरी आलो. जेवण जाईना. मागच्या दारी जाऊन उभा राहिलो तर ही कपडे धुतेय, त्याच दगडावर, धपाधप! माझ्या छातीत धपाधप. म्हटलं, "अगं, जरा हळू!" म्हणाली, "का? शर्ट फाटेल?" म्हटलं, "शर्ट मरू दे, दगडाला लागेल!" तिने हातातला कपडा खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं... की मी सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग सांगून टाका ना त्यांना." मी म्हटलं, "वेडी का काय तू? नोकरीची दोन वर्षं राहिलीत. चोर म्हणतील. नुकसान केलं म्हणून काढून टाकतील, वर खटला!" तर म्हणाली, "आणि नाही सांगितलं तर?" म्हटलं, "नाही सांगितलं तर काही नाही." "मग जेवत का नाही?"

बायकांना असले प्रश्न कुठे शिकवतात?

मी म्हटलं, आपलं काम वरचं, खालचं आपण बघत नाही, विषय संपला. आणि उपाशी झोपलो.

पण विषय कसला संपतोय! दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाईंना गाठलं. "हे बघा मॅडम, भिंत आधीच तुटलेली आहे, तुम्हीच म्हणता. दगड गेलेले आहेत, तुम्हीच म्हणता. म्हणजे जपायला राहिलं काय? अहवालात लिहा, 'स्थळ पूर्वीच नष्ट', आणि मला मोकळं करा. वीस तारीख जवळ आली." बाई म्हणाल्या, "वरचे थर गेलेत, पण खालचं शाबूत असू शकतं. पहार किती खोल गेली होती एवढं कळलं असतं तर मी सांगू शकले असते. पण ते ज्याने नेलं त्यालाच ठाऊक." साहेब म्हणाले, "मग बोलवा त्याला!" आणि हसले.

मी तिथेच उभा होतो. घमेलं धरून.

आणि मला माहीत होतं हो! मी वरचे दोनच थर काढत आलो होतो, कारण तिसरा थर हलतच नव्हता, पहार वाकली पण दगड हलला नाही. आणि बारा वर्षांपूर्वी एकदा माती घसरली तेव्हा तिसऱ्या थराच्या पायथ्याशी मला फरशी दिसली होती. सपाट, जुळवलेली, लांबपर्यंत गेलेली. वाकून बघितलं होतं मी. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चर पुरा करायचा होता, मग काय, ओढली माती आणि झाकली. आपलं काम वरचं.

बाई म्हणाल्या, "मी शहरात जाऊन काम थांबवायचा लेखी हुकूम आणते. उद्या अकरापर्यंत परत येते. काका, तोवर तुम्ही लक्ष ठेवा हं. तुमच्यावर सोडून जातेय." बघा! माझ्यावर! सगळ्या डोंगरावर दुसरं कुणी मिळालं नाही त्यांना!

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता साहेब हजर. फोन कानाला. फोन ठेवला आणि म्हणाले, "वरून तोंडी परवानगी मिळालीय. मॅडम यायच्या आत एक हात फिरवून घ्या. एकदा दाबलं की वाद मिटला." आणि रोलरवाल्याला खूण केली. आता ह्या माणसाला मी 'चहा घे' म्हणून दहा वेळा ओरडतो तेव्हा ऐकू येत नाही, पण साहेबांनी नुसतं बोट हलवलं की लगेच गियर! निघाला की रोलर कासवाच्या दिशेने. पहिली झेंडी गेली. दुसरी झेंडी गेली.

मी उभा. मनात म्हणतोय, आपलं काम वरचं... आपलं काम वरचं... आणि पाय निघाले की हो! मला न विचारता! धावत सुटलो. आता खरं सांगतो, रोलरच्या पुढे जायला धावावं लागत नाही, म्हातारा माणूस काठी टेकत गेला तरी पोचेल. पण मी धावलो. ओरडलो, "थांब!" तो हसला, हात हलवला. "अरे थांब!" त्याने घड्याळ दाखवलं. "साडेआठ!" मी दोन्ही हात वर केले, त्यानेही एक हात वर केला, नमस्कार! अहो, काय करायचं अशा माणसाचं? शेवटी मी त्याच्यासमोर जाऊन खाली बसलो. बसलो म्हणजे मांडीच घातली. त्या भिंतीवरच, डबा खायच्या जागी. रोलर येतोय... येतोय... येतोय... आणि रोलर इतका हळू येतो, इतका हळू, की माणसाला आपलं सगळं आयुष्य आठवायला वेळ मिळतो, आणि मला काय आठवत होतं? तर मोरी!

दोन हातांवर थांबला. रोलरवाला खाली वाकून म्हणाला, "चहा आला का?"

साहेब लालबुंद. "मुकादम! हा काय तमाशा आहे?" मी म्हटलं, "साहेब, खालचं शाबूत आहे." "तुम्हाला काय माहीत?" म्हटलं, "मला नाही तर कुणाला माहीत? चोर मीच आहे ना!"

आणि रोलरवाल्याने, त्या बहिऱ्यानेही, यंत्र बंद केलं. आणि मागून आवाज आला, "काका?"

बाई. हातात हुकमाचा कागद. पावणेनऊला! अकराला येणार होत्या ना? पहिलीच बस मिळाली म्हणे. माणसाने इतकं वक्तशीर असू नये हो!

मी उठलो नाही. मान खाली घालून सगळं सांगितलं. मोरी, पहार, सत्तावीस वर्षं, दोन थर, फरशी. म्हटलं, "बाई, मला वाटलं नुसते दगड आहेत. आता काय ती शिक्षा करा." मला वाटलं, रडतायत. वर बघितलं तर वही काढत होत्या! पेन्सिल ओली केली आणि म्हणाल्या, "पहिला दगड कोणत्या वर्षी काढलात? आणि नेऊन बसवला कुठे?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काका, ह्या भिंतीचा हरवलेला अर्धा भाग तुमच्या डोक्यात आहे. सांगा."

आता तुम्हाला सांगतो, मला सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नाही, पण दगड विचारा! कारण प्रत्येक दगड ह्या खांद्यावरून गेलाय. दोन दिवस बाईंना घेऊन हिंडलो. मोरीच्या पोटात एकशे अठरा. तळ्याकाठच्या बाकाखाली दोन. पाचव्या वळणाच्या कठड्यात सहा, त्यातला एक उलटा, कारण त्या दिवशी माझी पाठ धरली होती. संडासाच्या पायरीला एक... तिथे बाईंनी डोळे मिटून घेतले. आणि एक मोठा, चांगला, कोरीव काम असलेला होता, ते काम खाली आणि सपाट बाजू वर करून बसवलेला. बाईंनी विचारलं, "तो कुठे?"

मी म्हटलं, "साहेबांच्या ऑफिसची पायरी."

साहेब त्याच पायरीवर उभे होते. काय उडी मारली! मी त्या भिंतीवरून उडालो होतो त्याहून उंच! बाई शांतपणे म्हणाल्या, "ह्याचा फोटो अहवालात घ्यावा लागेल." साहेबांचा चेहरा असा... आणि त्या क्षणापासून काय चमत्कार झाला म्हणता! "मुकादम, मी पहिल्यापासून म्हणतोय, ही जागा जपली पाहिजे. वीस तारखेपर्यंत जपली पाहिजे!"

मग खणलं. खणलं म्हणजे झाडलं. तिसऱ्या थराशी ब्रश फिरला, एक बोट, दोन बोटं, एक वीत... आणि फरशी उघडी पडली. लांब, लांब, कासवाच्या पोटात गेलेली. बाई म्हणाल्या, "अंगण असेल कुणाचं तरी." मी खाली वाकलो. डोळा जमिनीला लावला, आमच्या धंद्यात लावतात तसा. म्हटलं, "बाई, अंगण नाही. मधे फुगीर आहे बघा, आणि दोन्हीकडे उतार. कडेला दगडी चर आहे. अंगणाला कोण दोन्हीकडे उतार देतं? हा रस्ता आहे!"

रस्ता! माझ्या रस्त्याच्या खाली, रस्ता! आणि कसा? एक दगड हललेला नाही. एक खड्डा नाही. चराला उतार इतका बरोबर की वरून तांब्याभर पाणी ओतलं तर कुठे न थांबता पळत गेलं. गेलं आणि... थांबलं. एका जागी थबकलं. बघतो तर तिथे जुन्या चराचं तोंड बंद. दगड कोंबून. माझेच दगड! माझ्या मोरीचा पाया! म्हणजे डोंगराचं सगळं पाणी ज्या वाटेने जात होतं ती वाट मी बुजवली, आणि मग ते पाणी बिचारं जाणार कुठे? दर वर्षी माझी मोरी फोडून जात होतं! सत्तावीस वर्षं मी मोरीला शिव्या घातल्या हो! आणि कुणीतरी, कोण कुठला मुकादम, त्याच्याकडे ना रोलर, ना सिमेंट, खाली उत्तर लिहून ठेवून गेला होता, आणि मी त्याच्यावर बसून डबा खात होतो.

मी तिथेच बसलो. ह्या वेळेला बाईंनी 'उठा' म्हटलं नाही. त्याही शेजारी बसल्या. मी हात फिरवला त्या दगडांवर. सांधे असे, की नख जात नाही. म्हटलं, "बाई, हा माणूस खालचंही बघायचा." धूळ फार होती त्या दिवशी.

मग सगळं झालं रीतसर. कासव राहिलं. बघायला थोडा भाग उघडा ठेवला, बाकीच्यावर कापड अंथरून, वर मातीचा थर देऊन पुन्हा झाकलं, कारण बाई म्हणतात, झाकलेलंच जास्त टिकतं. गाडीरस्ता वळणाला बाहेरून नेला, भराव घालून, एक कुदळ जमिनीत न मारता. वीस तारीख गेली, त्याच्या पुढची वीस तारीखही गेली, साहेब दोन किलोने उतरले. मला एकाच दिवशी, एकाच पाकिटातून दोन पत्रं आली. एकात, 'पुरातन स्थळाचे नुकसान केल्याबद्दल आपणांस सक्त ताकीद देण्यात येत आहे.' दुसऱ्यात, 'पुरातन स्थळाचे रक्षण केल्याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन.' सही एकच! मी दोन्ही फ्रेम करून शेजारी शेजारी लावलीत. पाहुणे आले की ही फक्त पहिलं दाखवते.

तिचा दगडही गेला. संग्रहालयात. काचेच्या आत, वर दिवा, खाली पाटी: 'सात खळग्यांचा दगड. उपयोग अज्ञात.' आम्ही बघायला गेलो तेव्हा ही तिथल्या रखवालदाराशी भांडली. "अज्ञात काय अज्ञात? ह्यात साबण, ह्यात ब्रश, ह्यात बटणं! लिहून घ्या!" मी ओढत बाहेर आणली. आता रोज म्हणते, बाकीच्या नवऱ्यांनी दिलेल्या वस्तू अजून घरात आहेत.

आणि मी? मी आता चर साफ करताना आधी खाली बघतो. फावडं टेकवायच्या आधी वाकतो, माती चिमटीत घेतो, दगड दिसला की बाईंना फोन. त्या म्हणतात, "काका, फोटो पाठवा." पाठवतो. "काका, हा नुसता दगड आहे." मग बसवतो. माझी माणसं म्हणतात, मुकादम गेले कामातून.

पण खरं दुःख सांगतो आणि तुम्हाला सोडतो. परवा वरून पाहणीला आले मोठे साहेब. म्हणजे आमच्या साहेबांचे साहेब. नवा रस्ता बघितला, तोंड वाकडं. "इथे खड्डा आहे. इथे पाणी साचतंय. साइडपट्टी कुठाय?" मग गेले उघड्या भागापाशी. खालचा रस्ता बघितला आणि खूश! बुटाने आपटून बघितला, बाईंच्या लाल झेंडीकडे लक्षच नाही. म्हणाले, "वा! ह्याला म्हणतात काम! सरळ रेषा, पाण्याचा निचरा, एक खड्डा नाही! मुकादम, हा कुणी केला?"

मी म्हटलं, "साहेब, तो एक जुना माणूस होता."

"मग वरचा रस्ताही त्याच्याकडूनच करून घ्या!"

आमचे साहेब खोकले. मी म्हटलं, "साहेब, तो आता नाही मिळायचा. रिटायर झाला."

"कधी?"

"बरीच वर्षं झाली."

"मग मुदतवाढ देऊन परत बोलवा! असली माणसं घालवता कशी तुम्ही?" आणि तिथल्या तिथे फायलीवर लिहिलं, सही केली, शिक्का मारला. आता दर महिन्याला मला स्मरणपत्र येतं: 'सदर कर्मचारी अद्याप कामावर रुजू का झाला नाही, खुलासा करावा.' खुलासा मीच करायचा असतो. पहिल्या महिन्यात खरं काय ते लिहिलं, तर 'कारण समाधानकारक नाही' म्हणून परत आलं. आता मी आपलं लिहितो, 'प्रकृती बरी नाही, पुढच्या महिन्यात येतो म्हणालाय.'

ते मात्र मंजूर होतं.